मांगीबाईंच्या डोळ्यातलं ठिगळ

जयपूरच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात मला पाहिलं की लोक चष्मा काढून पुढे करतात. "डॉक्टर, हा नंबर जरा बघा ना." गणपतीच्या आरतीनंतर, कोजागरीचं दूध पिता पिता, एकदा तर बारशाला पाळण्याच्या कडेला उभ्या उभ्या. मी चष्म्याचे नंबर काढत नाही आणि मोतीबिंदूही फार पूर्वी सोडला, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. मी डोळ्याच्या मागच्या पडद्याची डॉक्टर. होते, म्हणायला हवं आता. गेल्या वर्षी हातातली हत्यारं खाली ठेवली.

अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "काहीतरी हलकंफुलकं लिहा, दिवाळी आहे." मी दोन दिवस आठवून पाहिलं. हलकंफुलकं काही सापडलं नाही. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक उशिरा यायची, इतरांनी हात टेकल्यावर यायची, आणि जी बरी होऊन जायची ती पुन्हा कशाला भेटतील? लक्षात राहिली ती बाकीची. त्यातल्याच एकीबद्दल लिहिते. नावं बदलली आहेत.

आधी धंद्याची माहिती द्यायला हवी. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर एक नाजूक पडदा असतो आणि त्याच्या मधोमध एक टिकलीएवढी जागा. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी कामं तेवढी टिकली करते. बाकीचा पडदा नुसता पहारा देतो, कुणी आलं-गेलं एवढंच सांगतो. वय वाढलं की काही जणांच्या त्या टिकलीला भोक पडतं. दुखत नाही, लाल होत नाही. माणूस आंधळाही होत नाही, भिंतीला न धडकता घरभर फिरतो. फक्त ज्याकडे बघावं तेच दिसत नाही. समोर बसलेल्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, मागचं कॅलेंडर दिसतं आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नसतं.

भोक लहान असेल तर काम तसं सरळ असतं. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढायचा, पडद्यावरचा सायीहून पातळ पापुद्रा निळ्या रंगाने रंगवून चिमट्याने सोलायचा आणि आत वायूचा बुडबुडा भरायचा. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून रुग्णाने मान खाली घालून राहायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला टेकून भोक दाबून धरतो. भोक मोठं असेल तर मात्र सोलून भागत नाही. मग कुणी म्हणतं, पापुद्रा पुरता काढू नका, कडेला धरलेला ठेवा आणि डब्याच्या झाकणासारखा भोकावर उलटा टाका. कुणी म्हणतं, कडा चिकटून बसल्या असतील तर त्यांच्याखाली पाणी सोडून त्या आधी मोकळ्या करा. आणि एवढं करूनही भोक उघडं राहिलं तर बाहेरून ठिगळ आणा.

यावर आमच्या परिषदांमध्ये जे चालतं ते बघण्यासारखं असतं. झाकणवाले एका बाजूला, ठिगळवाले दुसऱ्या बाजूला. पडद्यावर व्हिडिओ, जेवणाच्या रांगेतही तोच वाद. मीही त्यात हिरिरीने भांडलेली आहे. मी आधी झाकणवाली होते, नंतर ठिगळवाली झाले, आणि धर्मांतर केलेल्या माणसासारखी जास्त कडवी झाले.

आपल्या मंडळातलेच एक निवृत्त विमा अधिकारी माझे रुग्ण होते. नाव सांगत नाही, हा अंक त्यांच्याही घरी जातो. त्यांना शस्त्रक्रियेनंतर मान खाली ठेवायला बजावलं होतं. जवाहर नगरमध्ये माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहतात, म्हणून संध्याकाळी सहज डोकावले, तर गृहस्थ सोफ्यावर ताठ बसून क्रिकेट बघताहेत. मला पाहून त्यांनी अशी झटकन मान खाली घातली की त्यांच्या बायकोला हसू आवरेना. मी खूप बोलले. पण त्यांचं भोक बंद झालं, अगदी सुरेख. आज ते वर्तमानपत्रातली बारीक अक्षरांतल्या निधनवार्तासुद्धा चष्मा न लावता वाचतात. मांगीबाईंनी मात्र जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर पाळलं.

मांगीबाई बस्सीच्या पलीकडच्या एका गावच्या. मुलगा किशन बस्सीला आग्रा रोडवर पंक्चरचं दुकान चालवायचा, त्याच्याबरोबर आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, लाल ओढणी कपाळापर्यंत. उजवा डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. डाव्या डोळ्यात भोक, तेही जुनं आणि मोठं.

"कांई दीखै छै, मांजी?" मी माझ्या मोडक्या ढूंढाडीत विचारलं. इतकी वर्षं इथे राहून मला ती भाषा समजते, बोलले की लोक हसतात.

"सगळो दीखै," त्या म्हणाल्या, "मूंडो कोनी दीखै."

मूंडो म्हणजे तोंड, चेहरा. तेवढा दिसत नाही. बरोबर सून होती, पूजा. ती शिकलेली, हिंदीत बोलणारी. तिने खुलासा केला. मांजी गावात दाई होत्या. दवाखाने झाले, गाड्या आल्या, तरी अडल्यानडल्याला लोक त्यांनाच बोलवायचे. अर्ध्या गावाचं तोंड सगळ्यांत आधी त्यांनी पाहिलेलं. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मुलाच्या लग्नाला दहा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. आता हलणार होता. पूजाने हे सांगताना ओढणी पोटावरून सारखी केली.

"मैडम, इनको बस बच्चे का मुँह देखना है," ती म्हणाली. "और कुछ नहीं माँगतीं."

मी हिशोब केला. वेळ होता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ही माझी पद्धत होती. बरेच सर्जन 'एक छोटासा ऑपरेशन' म्हणून मोकळे होतात. मला ते कधी पटलं नाही. ज्याचा डोळा त्याला माहीत असलंच पाहिजे, मग तो शिकलेला असो वा नसो. टेबलावर कागद घेऊन चित्र काढायची, हे इथे, ते तिथे. आमच्या थिएटरच्या शांती सिस्टर म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही पेशंटला एवढं शिकवता की उद्या तोच ऑपरेट करेल." मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, पण पूर्वीसारखा नाही.

पहिल्या वेळी मी झाकण घातलं. काम छान झालं होतं. मांगीबाई मान खाली घालून अशा बसल्या की वॉर्डमधल्या बाकीच्यांना मी त्यांचं उदाहरण द्यायची. बायकांच्या पायाशी उकिडवं बसण्यात जन्म गेलेला, शिवाय सासरी आयुष्यभर घूंघट. त्यांना मान खाली घालायला वेगळं शिकवावं लागलं नाही. तरी वायू विरल्यावर स्कॅन काढला तर भोक उघडंच. कडा खालच्या थराला घट्ट चिकटलेल्या, झाकण एका बाजूला सरकलेलं. माझं चुकलं नव्हतं, त्यांचं तर नाहीच. किशनने स्कॅनकडे पाहिलं आणि विचारलं, "अब?"

आता ठिगळ. त्यांच्या डोळ्यातला पापुद्रा आधीच वापरून झाला होता. अगदी कडेला थोडा उरला होता, तो काढून सुटा तुकडा भोकात ठेवता आला असता, पण तो तरंगून निघून जातो, मला त्याचा भरवसा नव्हता. माझा भरवसा होता गर्भाच्या पिशवीच्या पापुद्र्यावर. बाळंतपणात मूल बाहेर आलं की मागून वार पडते. तिच्यावर आतल्या बाजूने एक पारदर्शक पातळ पडदा असतो. सिझेरियनच्या वेळी आईच्या परवानगीने तो घेतात, तपासतात, धुतात, जंतुरहित करतात आणि लहानशा पाकिटात घालून आम्हाला देतात. त्याचा तुकडा भोकात बसवून कडांखाली, गादीखाली चादर खोचतात तसा खोचायचा. पडदा त्याच्या आधाराने हळूहळू भरून येतो.

मी नेहमीप्रमाणे कागद पुढे ओढला, चित्र काढलं आणि सांगितलं. 'झिल्ली' म्हणून पुढे गेले असते तरी चाललं असतं. पण समोर दाई होती, तिला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल या उत्साहात मी म्हणाले, "मांजी, आंवल होती है न, बच्चे के बाद जो आती है? उसी की झिल्ली."

मांगीबाईंनी मान वर केली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी नजर बरोबर माझ्यावर होती.

"कीं की आंवल?" कुणाची वार?

मी सांगितलं, ते आम्हाला माहीत नसतं.

"बो टाबर जीवै छै क कोनी?"

ते मूल जिवंत आहे की नाही. कितीतरी परिषदांमधून मी या पापुद्र्याबद्दल बोलले होते, तुकडा केवढा घ्यावा, कुठली बाजू खाली ठेवावी, वायू भरावा की तेल. मूल कसं आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

मग त्या बराच वेळ बोलल्या. मला निम्मं कळलं, निम्मं पूजाने सांगितलं. वार म्हणजे मुलाची जोडीदार. ती घराच्या आवारात खोल पुरायची, मीठ घालून, कुत्र्यामांजराच्या तोंडी लागणार नाही अशी, आणि हे झाल्याशिवाय दाईने त्या घरातून निघायचं नाही. आमच्याकडे अकोल्यालाही वार पुरतात, मला माहीत होतं. मांगीबाईंच्या गावात एका घरात पुरुषमाणसांनी घाई केली, उकिरड्यावर टाकून दिली. मांगीबाई दुसऱ्या बाळंतपणाला निघून गेल्या होत्या. ते मूल वाचलं नाही. घरच्यांनी त्यांना काही म्हटलं नाही, पण त्यानंतर त्या स्वतः खड्डा खणायच्या, कुणावर सोपवायच्या नाहीत.

"तुम्ही डोळ्यात घालाल ती ज्याची आहे, तो सुखी असेल तर घाला," त्यांचं म्हणणं असं होतं. "तो नसेल, तर माझ्या घरात बाळ यायचंय. त्याच्यासमोर मी कुणाच्या मेलेल्या मुलाचं घेऊन बसू?"

मला चिडायला हवं होतं. अंधश्रद्धेवर मी एरवी फटकन बोलते. पण ती बाई स्वतःसाठी काही मागत नव्हती. हे पापुद्रे जिथून येतात त्या टिश्यू बँकेला मी फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, आईच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत." मी म्हटलं, "आणि बाळ?" तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

मी परत येऊन खरं ते सांगितलं. आई निरोगी होती. बाळाचं कुणाला माहीत नाही.

"पाछै रहबा द्यो," मांगीबाई म्हणाल्या. मग राहू द्या. आणि उठल्या.

शांती सिस्टर मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "मॅडम, सांगून टाका ना, जिवंत आहे म्हणून. कोण बघायला जातंय?" मी त्यांच्यावर खेकसले. रुग्णाशी खोटं बोलून घेतलेली संमती ही संमतीच नाही वगैरे पुष्कळ काही बोलले. किशन दाराशी उभा राहून ऐकत होता.

दोन-तीन दिवसांनी तो एकटाच आला. हात जोडून म्हणाला, "मान गई, मैडम. आप तारीख दे दो."

मी खूश झाले. कशी मानली हे मी विचारलं नाही. वाटलं, घरच्यांनी समजावलं असेल, म्हातारी माणसं शेवटी ऐकतात. मला हवं होतं तेच उत्तर आलं होतं, मग कशाला खोलात जा?

ते ऑपरेशन माझ्या हातून झालेलं सर्वांत चांगलं ऑपरेशन असेल. ऑपरेशनच्या दिवशी मी चहा पीत नसे, हात थरथरू नये म्हणून. तो ओला तुकडा फार छळतो. चिमट्याला चिकटतो, घडी पडतो, उलटा होतो, पाण्यात सोडला की भरकटतो. त्या दिवशी तो एकदाच उघडला आणि भोकावर जाऊन बसला. मी कडा एकेक करून त्याच्यावर ओढल्या. सूक्ष्मदर्शकातून डोकं काढल्यावर शांती सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आज काय झालं होतं तुम्हाला?" मांगीबाई पुन्हा मान खाली घालून बसल्या.

वायू विरत गेला तसं वरून दिसायला लागलं. आधी कडा, मग हळूहळू मधलं. ज्या दिवशी स्कॅनमध्ये भोक पूर्ण भरलेलं दिसलं, त्या दिवशी मी त्यांना माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तोंडाला ओढणी लावून हसल्या.

"थे तो बूढ़ा होग्या, डागदरणी जी!"

आवाजावरून त्यांनी मला तरुण समजलं होतं. पूजा, किशन, मी, सगळेच हसलो. पूजाचा सातवा की आठवा महिना होता. मांगीबाईंनी तिची हनुवटी धरून तिचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि इतकं बारकाईने पाहिलं की ती लाजली. माझ्या नोकरीतले असे क्षण मी मोजून सांगू शकते.

मग मांगीबाईंनी पिशवीतून कापडाची घडी काढली. नवं, हाताने शिवलेलं झबलं आणि डब्यात डिंकाचे लाडू. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "छोरो राजी छै न? ऊं की माँ नै दे दीज्यो." मुलगा खुशाल आहे ना? त्याच्या आईला द्या.

मी म्हटलं, "किसका लड़का?"

हे दोन शब्द माझ्या तोंडून गेले ते काहीच माहीत नसल्यामुळे गेले. मांगीबाईंच्या मागे किशन उभा होता. त्याच्याकडे माझी नजर गेली तेव्हा तो मान हलवत होता, जोरजोरात, डोळ्यांनी विनवत होता. पण मी पाहिलं ते आता मांगीबाईही पाहू शकत होत्या. माझा चेहरा त्यांना दिसत होता. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं, मग मागे वळून मुलाच्या चेहऱ्यावर वाचलं.

किशनने त्यांना सांगितलं होतं की, मी सांगानेरला जाऊन आलो, ज्यांची वार त्या घरात गेलो, मुलगा आहे, गोरा आहे, आईचं दूध पितो, मी त्याला हातात घेतलं. त्याने काय करायला हवं होतं? त्याची आई दारात आलेल्या माणसाला 'कोण?' म्हणून विचारत होती, आणि तो माणूस म्हणजे कधी कधी किशनच असायचा. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो माझा, आणि माझ्या टेबलावरच्या त्या चित्राच्या कागदाचा.

मी बोलायचा प्रयत्न केला. तो पापुद्रा धुतलेला असतो, मांजी, त्यात जीव नसतो. देणाऱ्या आया चांगल्या असतात, त्यांची मुलंही बहुतेक चांगलीच असतात. 'बहुतेक' हा शब्दही मला टाळता आला नाही. मांगीबाईंनी झबल्याची घडी परत पिशवीत ठेवली. लाडवांचा डबा टेबलावर राहिला. नंतर तपासणीला त्या आल्या नाहीत. किशनचा फोन लागायचा, तो 'हाँ मैडम, लाऊँगा' म्हणायचा.

त्याच वर्षी परिषदेत मी झाकण आणि ठिगळ यांची तुलना मांडली. कुठल्या पद्धतीने किती भोकं बंद झाली, किती उघडी राहिली. मांगीबाईंचा स्कॅन मी शेवटी दाखवला, कारण त्याहून चांगला माझ्याकडे नव्हता. सभागृहात कुणीतरी 'वा' म्हणालं. एक तरुण डॉक्टर मागून येऊन विचारू लागला, "मॅडम, या पेशंटला काही त्रास?" मी म्हटलं, "डोळ्याला नाही." तो मी पुढे काही सांगेन म्हणून थांबला, मी चहाकडे गेले.

निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना पूजा अचानक हॉस्पिटलमध्ये आली. कडेवर मुलगी. बाळाच्या एका डोळ्यातून सारखं पाणी यायचं. ते साधं दुखणं, नाकाच्या बाजूला बोटाने मालिश केली की बहुतेकदा जातं. मी तिला मालिश दाखवली. मुलगी काळीसावळी, टवटवीत, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढणारी. मी विचारलं, "मांजी कैसी हैं? दिखता है ठीक से?"

"सब दिखता है, मैडम. दाल में से कंकर चुनती हैं, सुई में धागा डालती हैं." मग तिचे डोळे भरून आले. "बस इसको नहीं देखतीं."

मला कळलं नाही. ती म्हणाली, एकदा घरी या. तुमचं ऐकतील.

रविवारी मी गाडी काढून गेले. नवरा म्हणाला, "तू जाऊन काय करणार?" मलाही माहीत नव्हतं. बस्सी ओलांडून आत वळल्यावर दोनदा रस्ता विचारावा लागला. अंगणात शिरले तर मांगीबाई पलीकडच्या टोकाला खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "आओ, डागदरणी जी!" एवढ्या लांबून त्यांनी माझा चेहरा ओळखला होता. मी डॉक्टर म्हणून आयुष्यभर जे मिळवायला धडपडले ते हेच, आणि मला तिथून परत फिरावंसं वाटलं.

त्या प्रेमाने बोलल्या. डोळा कसा आहे विचारलं, तर म्हणाल्या, चांगला आहे, तुमचे हात सोन्याचे. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. किशनवरही नव्हता, त्याने ताक आणून दिलं आणि बाजूला उभा राहिला. मग पूजा बाळाला घेऊन आली. मांगीबाईंचे हात सरावाने पुढे झाले आणि त्याच वेळी त्यांनी डोक्यावरची ओढणी हनुवटीपर्यंत खाली ओढली. घरात त्यांच्याहून वडील कुणी नव्हतं. सासूने घूंघट घ्यावा असं तिथे कुणी नव्हतं. लाल कापडाआडून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, पाय चोळले, टाळूवरून बोट फिरवलं, कानामागे हात घालून मान सारखी केली. पूजा म्हणाली, तेल लावतात, न्हाऊ घालतात, झोपवतात. सगळं असंच.

मी त्यांच्यासमोर खाटेवर बसले. माझ्याजवळची सगळी माहिती पुन्हा सांगितली, या वेळी हळू, चित्र न काढता. त्यांनी ऐकून घेतलं.

"असेल तो सुखी," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसं. पण नसेल, तर? या डोळ्यात त्याचं आहे. तो या डोळ्याने दुसऱ्याच्या घरचं लेकरू बघेल. त्याला काय वाटेल?"

मी म्हटलं, "मांजी, दहा साल आपने इंतजार किया."

बाळ ओढणीच्या काठाला धरून ओढत होतं आणि मांगीबाई तो काठ दुसऱ्या हाताने घट्ट धरून होत्या. किशन अंगणातून बाहेर निघून गेला.

थोड्या वेळाने त्यांनी बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मी चष्मा सारखा केला. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती, डोळ्यातलं पाणी आता येत नव्हतं.

"थे देखो," मांगीबाई म्हणाल्या. "थे देखो अर म्हनै बताओ, कुण पै गई छै."

तुम्ही बघा आणि मला सांगा, कोणावर गेलीय.

मला वाटलं मला जमणार नाही. मग मी सांगायला लागले. रंग सावळा, किशनसारखा. कपाळ मोठं. भुवया अजून फुटायच्यात. डोळे काळेभोर, आईचे. डाव्या गालावर हसताना खळी पडते, उजव्यावर नाही. ओठ पातळ. मांगीबाईंची मान खाली होती, बुडबुडा भरल्यावर बसायच्या तशी, आणि प्रत्येक शब्दाला ती थोडी हलत होती.

मी थांबले तेव्हा त्यांनी ओढणीआडून विचारलं, "अर नाक?"